गिमिल्योला जायचं तर अख्खी सकाळ राखून ठेवा

फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रेटनीच्या फिनिस्तेर जिल्ह्यात गिमिल्यो हे जेमतेम हजारभर वस्तीचं गाव आहे. नावातला ‘गि’ म्हणजे इथल्या ब्रेटन भाषेतलं ‘ग्विक’, गावठाण. मिल्यो हा गावचा संत. दंतकथा सांगते की सख्ख्या भावानेच त्याचं शिर उडवलं.

एवढ्याशा गावात एवढं चर्च कसं, हा प्रश्न आवारात शिरताच पडतो. उत्तर आजूबाजूच्या शिवारात आहे. इथली ओलसर हवा जवसाला मानवते. सोळाव्या-सतराव्या शतकांत घरोघरी त्याच्या धाग्याचं कापड, म्हणजे लिनन, विणलं जाई आणि मॉर्ले बंदरातून इंग्लंड-स्पेनला जाई. धागा धुऊन उजळवायच्या जागेला ‘कान्दी’ म्हणत. कापडाच्या व्यापारात गबर झालेले शेतकरी, म्हणजे ‘जुलोद’. त्यांचा पैसा देवाकडे वळला, आणि शेजारच्या गावाहून आपलं चर्च सरस हवं ही ईर्ष्याही होतीच.

आवारातल्या क्रूसस्मारकावर 1581 आणि 1588 ही सालं कोरलेली आहेत. त्यावर दोनशेच्या आसपास मूर्ती आहेत, आणि येशूच्या गोष्टीतली कितीतरी माणसं त्या काळच्या फ्रेंच पोशाखात! घाई न करता चारही बाजूंनी फिरा. ‘कातेल गोलेत’ नावाच्या तरुणीचं शिल्प नक्की शोधा: पापी ठरवलेली ही तरुणी नरकात ओढली जाते आहे. मला ते शिल्प पाहवेना, आणि तिथून हलवेनाही. वरच्या मूर्तींसाठी दुर्बीण हवीच. आमच्याकडे नव्हती, त्याची चुटपुट लागली.

आत 1675चा ओकच्या लाकडातला बाप्तिस्मामंडप आहे. त्याच्या पिळदार खांबांवरच्या वेली जवळ जाऊन पाहा.

पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकातून टीजीव्ही या वेगवान रेल्वेने मॉर्ले तीन तासांच्या थोडं वर. पुढे गाडी भाड्याने घ्या, गावांमधल्या बसवर विसंबू नका. त्याच दिवशी लांपोल-गिमिल्यो आणि सें-तेगोनेक ही जवळची गावं सहज होतात. लांपोलच्या चर्चच्या मनोऱ्याचं टोक 1809मध्ये विजेने पाडलं, ते आजही तसंच बोडकं आहे. वेळ उरला तर दक्षिणेला आरे डोंगरांत जा. ब्रेटनीचं सर्वोच्च ठिकाण तिथेच आहे. उंची 385 मीटर, पण वारा मात्र गडावरचा.

उन्हाळ्यातही रेनकोट घ्या. शाकाहारी मंडळींनी कुट्टूच्या पिठाची ‘गालेत’, म्हणजे इथलं पातळ धिरडं, मागवताना ‘सां जाँबों’, हॅमशिवाय, असं आधीच सांगावं. अंडं-चीजची गालेत आम्हाला दोन्ही दिवस पुरली.