यवतेश्वरचा उतार

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळून आलेल्या कुणालाही विचारा, तो चढाबद्दल बोलेल. समर्थ मंदिर मागे पडलं की यवतेश्वरचा घाट लागतो आणि मग कासच्या रस्त्यावरच्या यू-टर्नपर्यंत चढच चढ. आमच्या ग्रुपवरही महिनाभर तेवढंच चाललं होतं. घाटात किती चालायचं, जेल (पळताना ताकदीसाठी घ्यायचं गोड, घट्टसर द्रव) कुठे घ्यायचं, श्वास कसा राखायचा. मला चढाची चिंता नव्हती. मला भीती होती ती यू-टर्ननंतरच्या परतीची, जिला सगळे ‘बोनस’ म्हणतात त्या उताराची.

माझा उजवा गुडघा गेल्या वर्षी सिंहगडाच्या डांबरी रस्त्यावर उतरताना बिनसला. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला कुणी तापलेली सुई टोचावी तसं दुखायला लागलं आणि पुढच्या शंभर पावलांत पाय टाकता येईना. आयटी बँड. कमरेच्या बाजूपासून मांडीच्या कडेने गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा हा जाड पट्टा. गुडघा साधारण तीस अंशांत वाकला की तो हाडाशी दाबला जातो. उतारावर गुडघा नेमका त्याच कोनात जास्त वेळ राहतो, म्हणून चढताना काही कळत नाही आणि उतरताना जीव जातो. ज्याला झालंय त्यालाच कळेल की चालताना काहीही दुखत नसणं ही यातली सर्वांत छळवादी गोष्ट आहे. घरात सगळ्यांना वाटतं बाई बरी आहे. पळायला लागलं की दोन-तीन किलोमीटरनंतर ती सुई हजर.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी गुडघ्याला हात लावायच्या आधी माझं वय विचारलं आणि म्हणाले, “आता कशाला पळायचं? चाला की. गुडघे बदलायची वेळ आणायची आहे का?” हा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पळणाऱ्या प्रत्येक बाईने हे वाक्य ऐकलेलं असतं. सासरी, माहेरी, सोसायटीच्या लिफ्टमध्ये. २०१७ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, अनेक अभ्यास एकत्र करून केलेला. त्यात गुडघा आणि खुब्याच्या सांध्यांची झीज हौशी धावपटूंमध्ये ३.५ टक्के आढळली, अजिबात न पळणाऱ्या बैठ्या माणसांमध्ये १०.२ टक्के. स्पर्धात्मक पातळीवर पळणाऱ्यांमध्ये मात्र १३.३ टक्के, म्हणजे अतिरेकाला किंमत आहेच. पण आमच्यासारखी रविवारी सकाळी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पळायला जाणारी माणसं त्या मधल्या, चांगल्या गटात मोडतात. हे आकडे मी आता पाठ करून ठेवलेत आणि लिफ्टमध्येसुद्धा सांगते.

दुसरीकडे एक फिजिओ भेटली, स्वतः पळणारी. तिने मला एका पायावर उभं करून हळूच खाली बसायला सांगितलं. माझा गुडघा आत वळला आणि कंबर एका बाजूला कलली. “दुखतंय गुडघ्यात, पण काम कमरेचं आहे,” ती म्हणाली. मग कित्येक महिने कुशीवर झोपून पाय वर उचलणं, पायात रबरी पट्टा अडकवून खेकड्यासारखं आडवं चालणं, पायरीवरून एक टाच सावकाश खाली टेकवणं. पळायला परवानगी मिळाली तीही एक मिनिट पळा, चार मिनिटं चाला अशी. वेताळ टेकडीवर माझ्या शेजारून कुत्रे फिरवणारे आजोबा पुढे जायचे. हा काळ लोक दोन ओळींत सांगतात आणि पुढच्या मेडलच्या फोटोकडे वळतात, म्हणून मुद्दाम लिहितेय: तो फार लांब असतो, फार एकटा असतो आणि त्यात रोज वाटतं की आपलं हे आता संपलं.

शनिवारी पुण्याहून निघालो, खंबाटकीत ट्रकांच्या मागे रखडलो, दुपारी बिब, म्हणजे छातीवर लावायचा स्पर्धेचा नंबर घेतला. मुक्काम नवऱ्याच्या मावशीकडे, राजवाड्याजवळ. मावशींनी रात्री माझ्यासाठी वेगळा मऊ भात आणि साधं वरण केलं होतं. बाकीच्यांना भाकरी, खर्डा आणि वांगं. ‘स्पर्धेच्या आदल्या रात्री तिखट नको’ हे मी फोनवर एकदाच बोलले होते, ते त्यांनी लक्षात ठेवलं. शहरातल्या हॉटेलांत पैसे मोजूनही ही काळजी मिळत नाही. झोपताना त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काहीतरी पुटपुटल्या. मी विचारलं नाही.

ही स्पर्धा २०१२ साली सुरू झाली आणि २०१५ साली तिचं नाव गिनीज बुकात गेलं, एकाच डोंगरावर सर्वाधिक लोक पळाले म्हणून. पण मला साताऱ्याचं अप्रूप वाटतं ते तिथल्या माणसांमुळे. मुंबईत समुद्र आहे, नामवंत धावपटू आहेत, पण रस्त्याकडेला उभं राहून आपल्याच घरचं कार्य असल्यासारखं टाळ्या वाजवणारं अख्खं गाव पाहायचं तर साताऱ्यात. पहाटेच्या त्या अंधुक उजेडात बायका ओट्यांवर उभ्या होत्या, शाळेची पोरं लेझीम खेळत होती, ढोल घुमत होते. मावशी कोपऱ्यावर शाल पांघरून उभ्या होत्या. मला पाहून त्यांनी हाक मारली ती माहेरच्या नावाने. सासरचं नाव त्यांना त्या गडबडीत आठवलं नसावं.

चढाबद्दल मी फार लिहिणार नाही. पावसाची भुरभुर होती, कडेला सोनकी पिवळीधमक फुलली होती, मागे वळून पाहिलं की ढगांच्या फटीतून खाली शहर आणि समोर अजिंक्यतारा. मी तीन मिनिटं पळत होते, एक मिनिट चालत होते, आणि छान चाललं होतं. जाण्यायेण्याचा रस्ता एकच असल्यामुळे आपण अजून धापा टाकत चढतोय तोवर पुढचे धावपटू समोरून उतरताना दिसतात. बारीक अंगकाठीची ती मुलं इतक्या हलक्या पावलांनी येत होती की रस्त्यावर आवाज होत नव्हता. सगळे चढणारे थांबून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतात आणि त्यांतला एखादा हात उंचावून उत्तर देतो. या स्पर्धेतली ही माझी सर्वांत आवडती गोष्ट. सर्वांत नावडती म्हणजे वळणावळणावर रस्त्याच्या मधोमध एकदम थांबून सेल्फी काढणारी टोळकी, आणि सोनकीच्या झुडपांत भिरकावलेले जेलचे रिकामे पाऊच. स्वयंसेवक पोरं ते वाकून वाकून गोळा करत होती. त्या पोरांच्या वयाची मुलं असलेली माणसं ते फेकत होती.

यू-टर्न झाला. लोक आनंदाने ओरडत सुटले. माझे तळहात ओले झाले.

पहिले दोन-अडीच किलोमीटर काही झालं नाही. मी अगदी जपून, पावलागणिक स्वतःला मागे खेचत उतरत होते. आणि मग एका वळणावर उजव्या गुडघ्याच्या बाहेर ती ओळखीची टोच. हलकीच, पण तीच. मी तिथल्या तिथे थांबून चालू लागले. एवढ्या महिन्यांची मेहनत, ते रबरी पट्टे, ती टेकडी, सगळं डोळ्यांसमोर आलं आणि घसा दाटला.

चालू लागल्यावर दुसरं सुरू झालं. “चला चला, आता काय, उतारच आहे!” “मॅडम, चालायचं नाही, पळायचं!” “अहो, इथे तर गाडीसुद्धा बंद करून उतरते!” शेजारून जाणारा प्रत्येक जण प्रेमानेच बोलत होता, हे मला कळत होतं. तरी दर वाक्यागणिक माझी मान खाली जात होती. चढावर चालणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही. उतारावर चालणारा म्हणजे आळशी किंवा हरलेला असंच सगळे धरून चालतात. त्याच्या गुडघ्यात काय चाललंय हे विचारायला कुणाला सवड नसते. एकीने तर माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. मला ओरडावंसं वाटलं तिच्यावर.

तेवढ्यात मागून एक काका आले. साठीच्या पुढचे, रापलेला चेहरा, धुवून विरलेला जुन्या कुठल्यातरी स्पर्धेचा टी-शर्ट. पुढे गेले, वळून माझ्या पायाकडे बघितलं आणि चालायला लागले.

“आयटी बँड का, ताई?”

मी चमकून पाहिलं. “तुम्हाला कसं कळलं?”

“बाहेरच्या बाजूला हात जातोय तुमचा सारखा. मलाबी झालं होतं. दोन वर्षं गेली माझी त्यात.”

काका कोरेगावकडचे, निवृत्त शिक्षक. पन्नाशीनंतर पळायला लागलेले. मी म्हटलं, “काका, तुम्ही व्हा पुढे, तुमचा टाइम जाईल.” ते म्हणाले, “टाइम काय, पुढच्या वर्षी परत येतोय तो. चला.”

थोडं चाललो. मग त्यांनी विचारलं, “चालताना दुखतंय?” नाही. “मघाशी कसं उतरत होता, दाखवा.” मी चार पावलं पळून दाखवली. त्यांनी हात वर केला. “थांबा. हे ब्रेक मारत उतरणं आहे ना, ह्यानंच दुखतं. एकतर चाला, न्हाईतर नीट पळा. मधलं काय करू नका.”

माझ्या फिजिओने हेच वेगळ्या शब्दांत सांगितलेलं होतं, पण भीती बसली की शरीर आपलं ऐकत नाही, ते पुन्हा गुडघा वाकवून स्वतःला रोखायला लागतं. तिथे त्या ओल्या रस्त्यावर एका अनोळखी माणसाने ते माझ्या पायांकडे बघत सांगितलं तेव्हा ते आत गेलं. त्यांनी मला रस्त्याच्या कडेवरून मध्ये घेतलं. घाटातला रस्ता कडेला गटाराकडे कललेला असतो, तिथे एक पाय कायम खालच्या पातळीवर पडतो आणि त्या पायाचा पट्टा जास्त ताणला जातो. “मधी या, इथं सपाट आहे. पाय बारीक टाका. लांब टाकायचा न्हाई, भराभर टाकायचा. नजर पायाखाली नको, पुढच्या वळणावर ठेवा. घाबरला की माणूस मागं झुकतो. झुकू नका.”

मी पळाले. बारीक पावलं, भराभर. पहिल्या काही पावलांत टोच होती. फिजिओचा नियम मनात घोकत होते: दहापैकी तीनपर्यंत दुखलं तर चालेल, चाल बिघडली तर थांबायचं, आणि खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन होतं, फार तर अडीच. पुढच्या वळणापर्यंत दोनच राहिलं. काका शेजारी आपल्या पावलांचा ताल मोठ्याने मोजत होते, वर्गात पाढे म्हणून घ्यावेत तसे. त्यानंतरच्या वळणावर दुखणं आहे की नाही हे मला शोधावं लागलं. मी रडत होते हे मला काकांनी “पाणी प्या जरा” म्हणून बाटली पुढे केली तेव्हा कळलं.

आम्ही एक वळण पळायचो आणि पुढचं वळण येईपर्यंत चालायचो. चालताना कुणी “पळा, पळा” म्हटलं की काका मोठ्याने उत्तर द्यायचे, “पळतोय की आम्ही! आत्ता चालतोय, मग परत पळतोय!” हे ते इतक्या साधेपणाने म्हणायचे की समोरचा हसून मान डोलवायचा. मला वर्षभर हे वाक्य सुचलं नव्हतं.

घाट संपला, गाव लागलं. सकाळपेक्षा दुप्पट गर्दी. मावशी त्याच कोपऱ्यावर, या वेळी सुनेला घेऊन. मी थांबून त्यांना वाकून नमस्कार केला. वाकताना मांड्या थरथरत होत्या, गुडघा शांत होता. शेवट काकांबरोबरच ओलांडला. माझ्या आधीच्या वेळेपेक्षा अर्ध्या तासाहून जास्त उशीर, आणि काकांचा माझ्यामुळे त्याहून जास्त असणार. त्यांची बायको सीमारेषेपाशी डबा घेऊन उभी होती. “आज एवढा उशीर?” तिने विचारलं. “सोबत होती,” एवढंच म्हणाले. डब्यात गूळपोळी होती. अर्धी मला दिली.

सोमवारी सकाळी मावशींच्या वाड्याचा दगडी जिना उतरले. मांड्या इतक्या धरल्या होत्या की कठडा सोडवत नव्हता, पण गुडघ्याच्या बाहेर काही नाही. खाली पोचून परत वर गेले आणि परत उतरले, खात्री करायला. मावशी खालून विचारत होत्या, काय विसरलं का म्हणून. निघताना त्यांनी कंदी पेढ्यांचे दोन पुडे दिले, एक फिजिओबाईंसाठी.

काकांना मी त्याच दिवशी फोन केला. डिसेंबरात पुण्याच्या मॅरेथॉनला ते अर्ध मॅरेथॉन पळायला येणार आहेत. मी दहा किलोमीटरसाठीच नाव दिलंय, फिजिओचं तेवढंच म्हणणं आहे आणि मला ते पटलंय. ते दरवर्षी रात्रीच्या एसटीने येऊन पहाटेपर्यंत स्वारगेटवर बसून राहायचे म्हणे. या वर्षी दोघंही आमच्याकडे उतरणार आहेत. सणस मैदान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, आणि आदल्या रात्री मऊ भात मी करणार आहे.