सिव्हिल लाइन्स ते गोळीबार चौक: दुपारच्या सुटीतला प्रवास

आमच्या नागपूरच्या कार्यालयात दुपारची सुटी कागदोपत्री एक तासाची आहे. प्रत्यक्षात डबा संगणकाशेजारी उघडतो, एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने हिशेबाचे तक्ते असे पंधरा मिनिटे चालते आणि डबा पुन्हा पिशवीत जातो. शेजारच्या सरकारी कचेऱ्यांतील मंडळींना एक ते दोनच्या दरम्यान जास्तीत जास्त अर्धाच तास मिळतो, म्हणून ती आमच्या तासाचा हेवा करतात. तो तास आम्ही वापरतच नाही, हे त्यांना सांगण्याची मला लाज वाटते.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी मी आणि माझा एक शाकाहारी सहकारी यांनी डबे घरीच ठेवले आणि झणझणीत रश्श्याच्या सावजी जेवणासाठी गोळीबार चौक गाठायचे ठरवले. सोमवारी आणि गुरुवारी अर्धे कार्यालय सामिषाला शिवत नाही, शुक्रवारी साप्ताहिक हिशेब द्यावा लागतो, म्हणून बुधवार. बाहेर पडण्याची खरी अडचण वेळेची नव्हतीच. साहेबांच्या केबिनच्या काचेतून आमच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या दिसतात, ती होती. एक वाजून पाच मिनिटांनी, मान खाली घालून, आम्ही जिना उतरलो.

झिरो माइलच्या मेट्रो स्थानकापर्यंत पायी पाच-सात मिनिटे लागतात. वाटेत 1907 सालच्या सर्वेक्षणाचा तो सुप्रसिद्ध दगड आणि चार घोड्यांचे पुतळे लागतात. तिथल्या खांबावर हैदराबाद, चांदा, जबलपूर, छिंदवाडा अशा गावांची अंतरे कोरलेली आहेत. गोळीबार चौकाचे अंतर मात्र आम्हाला हातातल्या घड्याळावरच मोजायचे होते. हाच प्रवास डिसेंबरात करायचा झाला असता, तर आम्ही बेत कधीच रद्द केला असता. 1953 च्या नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन येथे भरते आणि त्या दिवसांत विधानभवनाच्या आसपासचे रस्ते मोर्चे आणि बॅरिकेड यांच्या ताब्यात असतात. फेब्रुवारीत रस्त्याच्या कडेला फक्त मृग बहाराच्या, म्हणजे पावसाळ्यात फुलून आता पिकलेल्या, संत्र्यांच्या हातगाड्या होत्या.

एक स्थानक पुढे सीताबर्डीला उतरून गाडी बदलावी लागते. दोन्ही मार्गांचे फलाट वेगवेगळ्या मजल्यांवर असल्यामुळे सरकत्या जिन्याजवळ नवख्या माणसाची हमखास फसगत होते. आमचीही झाली आणि डोळ्यांदेखत एक गाडी सुटली. पुढची गाडी येईपर्यंत सहकाऱ्याने तीनदा घड्याळ पाहिले. कॉटन मार्केट, रेल्वे स्थानक, दोसर वैश्य चौक अशी स्थानके मागे टाकत आम्ही अग्रसेन चौकात उतरलो आणि ऑटो केला. सिव्हिल लाइन्समधील मोठी झाडे आणि लांबलचक कुंपणे सोडून इतवारी-टिमकीकडच्या अरुंद गल्ल्यांत शिरल्यावर आपण त्याच शहरात आहोत, हे पटायला थोडा वेळ लागतो.

सावजी हा स्वयंपाक हलबा कोष्टी, म्हणजे विणकर समाजाचा. हातमागाचा धंदा बसत गेला, तशी घरातल्या चुलीवरच्या या रश्श्याने अनेक कुटुंबांना पोटापाण्याचा दुसरा मार्ग दिला, आणि म्हणूनच यांतली बरीचशी भोजनालये आजही घराच्या पुढच्या खोलीत असल्यासारखी वाटतात. आम्ही शिरलो तिथेही पाच-सहा टेबले, भिंतीवर देवाची तसबीर आणि आत परातीत पीठ मळणाऱ्या दोन बायका, एवढाच पसारा होता.

"का देऊ जी? तिखट चालते ना?" मावशींनी विचारले. चालते, असे मी नागपूरकराच्या अभिमानाने सांगितले. तो अभिमान फार वेळ टिकला नाही.

मटणाचा रस्सा आला तो जवळजवळ काळा आणि पातळ, वर तर्रीचा, म्हणजे तेलाच्या तवंगाचा, जाड थर. सुके खोबरे, खसखस, धने आणि खडे मसाले भाजून वाटलेले असतात. जुन्या पद्धतीत जवसाचे तेल वापरत. पहिला घास नुसताच खमंग लागतो, तिखट मागाहून येते, आणि आले की कानशिले तापवते. सहकाऱ्याने पाटोडी रस्सा मागवला होता. बेसनाच्या वड्या त्याच रश्श्यात सोडलेल्या असल्यामुळे शाकाहाराने त्याची काही सुटका झाली नाही. रुमालाने नाक पुसत तो लिंबावर लिंबू पिळत राहिला. पोळी रश्श्यात कुस्करून खायची, मग भात, आणि भातावर पुन्हा रस्सा. हे जेवण घाईने खाताच येत नाही, कारण दोन घासांच्या मध्ये श्वास घेण्यासाठी थांबावेच लागते. संगणकाशेजारच्या त्या पंधरा मिनिटांत मी काय खातो, हे मला अनेकदा संध्याकाळी आठवत नाही. इथे प्रत्येक घासाची दखल घ्यावी लागली.

परतताना ऑटो लवकर मिळाला नाही. आम्ही दोन वाजून बारा मिनिटांनी जागेवर बसलो. साहेबांनी काचेतून एकदा पाहिले आणि पुन्हा फोनवर बोलू लागले. ती बारा मिनिटे आम्ही संध्याकाळी भरून काढली आणि पुढच्या बुधवारी एकला पाच मिनिटे असतानाच निघायचे ठरले. चारच्या चहाला त्या दिवशी मी नकार दिला; जिभेवरचे तिखट तोवर उतरले नव्हते.