शिवणीची ९११ : शेपटीने घात केला

शिवणीच्या लाकडाचा ठोकळा अखेर गाडीसारखा दिसायला लागला होता. प्रमाण १:२४, गाडी १९६४ची पहिली पोर्शे ९११. मूळ लांबी ४१६३ मिमी, म्हणजे माझ्याकडे साधारण १७३.५ मिमी. बॉनेट, पुढची मडगार्डं, छप्पर झालं. चाकांच्या कमानीही कोरून झाल्या. उरली शेपूट. सोपी वाटली, म्हणून जेवण झाल्यावर डुलक्या देत कानस घेऊन बसलो.

या गाडीचा सगळा जीव छपरावरून मागच्या बंपरपर्यंत घरंगळणाऱ्या रेषेत आहे. फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी काढलेली ती रेषा नुसती हौसेची नाही. सहा सिलिंडरचं बॉक्सर इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. सिलिंडर आडवे निजलेले, त्यामुळे इंजिन बुटकं, म्हणून शेपूट एवढी खाली उतरू शकते. पुढे इंजिनच नाही, म्हणून बॉनेट दोन मडगार्डांच्या मध्ये खोल बसतं. हे वाचून माहीत होतं, पण हाताला कळलं ते कानस मारताना.

आणि तिथेच डाव्या बाजूला दीड मिलिमीटरचा खड्डा पडला. पुट्टी भरली, घासली. उजेडात धरलं की रेषा अडखळायचीच.

मग आठवली १९७२ची कॅरेरा आरएस २.७. वेगात मागची बाजू हलकी होऊन उचलली जाते, म्हणून तिच्या इंजिनच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उभार दिला होता. माझा खड्डा बरोबर त्याच्याखाली जातो! आता तीच करायची ठरवून त्या रात्री शांत झोपलो.

सकाळी व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावली. पहिल्या ९११चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २२११ मिमी, आरएसचा २२७१. सुरुवातीच्या गाड्यांचं मागचं वजन वळणावर दगा द्यायचं. कावडीची एक बाजू जड झाली की दुसरीकडे धोंडा बांधावा, तशी कंपनीने काही काळ पुढच्या बंपरच्या टोकांत चक्क वजनं घातली होती. पुढे १९६९च्या मॉडेलला इंजिन जागच्या जागी ठेवून मागची चाकंच ५७ मिमी मागे सरकवली. नंतर आणखी तीन. माझ्या मापात अडीच मिमी. हसू नका, कमान अडीच मिमी चुकली की गाडी खेळण्यातली वाटते. त्यात आरएसची मागची मडगार्डं फुगीर. कापलेलं लाकूड काही वाढत नाही, तेवढी पुट्टीच.

शेजारी पुढच्या कामाचा पुठ्ठा कापून ठेवलाय : २०२४ची हायब्रिड ९११ जीटीएस. याच प्रमाणात लांबी जवळजवळ १९० मिमी, म्हणजे केवढी थोराड झाली बघा. पण बॉक्सर इंजिन तिथेच, मागे. एसीचा कंप्रेसर विजेवर गेल्यामुळे पट्टे निघाले, इंजिन ११० मिमी बुटकं झालं आणि वरच्या मोकळ्या जागेत हायब्रिडची इलेक्ट्रॉनिक्स बसली. १.९ किलोवॅट-तासाची बॅटरी पुढे. पूर्ण विजेवरची ९११ आली, तर मला धास्ती बॅटरीच्या जागेची आहे. ती फरशीखाली पसरली की माणसं वर सरकणार, छप्पर वर जाणार, आणि ही रेषा मग कुठून उतरवायची? आवाज गेला तर मी सोसेन, रेषा नको.

कमानी बुजवायला लाकडाच्या चकत्या हव्या होत्या, म्हणून सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी ठोकळा उलटसुलट केला, अंगठा शेपटीवरून फिरवला, बरोबर खड्ड्यावर थांबवला.

"बेडूक छान झालाय," म्हणाले. "चकत्या गुरुवारी ने."