मोटर बोलतेय

"मोटर बोलतेय, ताई. म्हणजे ती ठीक आहे. काच अडकलीय."

माझ्या गाडीचा सनरूफ, म्हणजे छतातली सरकती काच, उघडत नव्हता. बटण दाबून धरत, गाडीच्या छताला कान लावून गॅरेजवाले काका एवढंच म्हणाले. सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र खोलून न बघताच अख्खा सनरूफ बदलायला सांगितलं होतं.

काकांनी आधी फ्यूज पाहिला. मग काच हाताने हळूच उचलून दिली आणि रुळांमधून सुकून घट्ट झालेलं ग्रीस, गुलमोहराची बारीक पानं ब्रशने काढली. कोपऱ्यातल्या पाणी जायच्या नळ्याही तुंबलेल्या. पावसात पाणी थेट सीटवर आलं असतं. नवं ग्रीस लावून बटण दाबलं.

काच सरकली. मला भरून आलं, खरंच.

ऐकायला अर्धं मिनिट लागलं. तेवढंही तिकडे कुणाकडे का नव्हतं?