आडवी रेघ, सही आणि तारीख

शनिवार, रात्री उशिरा

आज अर्धा दिवस सॅम्पल बाजूला ठेवून नुसत्या परवानग्यांवर गेला आणि तरी तो वाया गेला असं मला अजिबात वाटत नाही. लॅबच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये कुणाला काय दिसणार, कोण भरणार, कोण तपासणार आणि कुणाला हात लावता येणारच नाही, हे आज सगळ्यांना एकत्र बसवून ठरवलं. पाणी, माती आणि सांडपाणी असे आमचे तीन सेक्शन, माणसं थोडी, त्यात जून लागलाय, उसाच्या आडसाली लागणीच्या आधी माती बघून घ्यायची म्हणून करवीर, कागल, शिरोळकडून पिशव्या येऊन पडल्यात, ग्रामपंचायतींच्या पाण्याच्या बाटल्या वेगळ्याच. अशात कसली मीटिंग म्हणून दोघंतिघं कुरकुरत होते, पण घोळ व्हायचे ते गर्दीतच होतात, म्हणून गर्दीतच बसलो.

सुरुवात गावांच्या नावांपासून केली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात नुसतं शिरोली लिहून भागत नाही, शिरोली पुलाची हातकणंगले तालुक्यात आणि शिरोली दुमाला करवीरमध्ये, आणि कुणी घाईत शिरोळ लिहिलं असेल तर तेही शिरोलीसारखंच वाचलं जातं. चिखली म्हटलं की प्रयाग चिखली का कागलची हे विचारावं लागतं. काउंटरवर दहा माणसं उभी असताना पोरानं हातानं टाइप करायचं म्हटलं की हे होणारच, त्याला बोलून उपयोग नाही. म्हणून गाव टाइप करायचंच नाही, आधी तालुका निवडायचा मग यादीतून गाव, आणि सरकारनं प्रत्येक गावाला दिलेला एलजीडी कोड मागे आपोआप बसेल. सॅम्पल नंबर नुसता चढता, त्याचाच बारकोड. नंबरातच गाव, सेक्शन, महिना सगळं कोंबायची पद्धत बऱ्याच ठिकाणी बघितलीय, पण एकदा सॅम्पल पाण्याकडून सांडपाण्याकडे गेलं की तो नंबरच खोटं बोलायला लागतो.

युनिटचंही तेच. मातीची क्षारता एक जण डेसीसायमनमध्ये लिहितो, दुसरा मीटरवर दिसतंय तसं मायक्रोसायमनमध्ये, आणि दोन्हींत हजार पटीचा फरक. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीवाल्याला हा आकडा म्हणजे पुढच्या हंगामाचा निर्णय असतो. युनिट आता रकान्यातच बांधलंय, ते कुणालाच बदलता येणार नाही.

मग एकीनं विचारलं, मॅडम हे सगळं एक्सेलमध्ये शेअर करून होतंय की, एवढा खटाटोप कशाला. प्रश्न प्रामाणिक होता म्हणून नीट उत्तर दिलं. एक्सेल हिशोबाला उत्तम आहे, मीही वापरते, पण ते आपल्याला न विचारता डेटा बदलतं. कोडच्या पुढचं शून्य खातं, ३-४ लिहिलं की त्याची तारीख करतं. हे फक्त आपल्याकडे होतंय असं नाही, जनुकांवर काम करणाऱ्यांच्या एक्सेल याद्यांमध्ये हाच घोळ होता, २०१६ साली कुणीतरी तपासलं तर अशा याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळजवळ पाचातल्या एकात नावांची वाट लागलेली, सेप्ट-२ नावाच्या जनुकाची २ सप्टेंबर झालेली. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावंच बदलली, सेप्टचं सेप्टिन केलं, कारण एक्सेल बदलेल याची कुणी वाट बघायला तयार नव्हतं. आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळजवळ १६ हजार पॉझिटिव्ह केसेस वेळेवर पुढे गेल्याच नाहीत, का तर लॅबकडून आलेला डेटा जुन्या एक्सेल फॉरमॅटमध्ये भरला जात होता आणि त्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ च्या पुढे ओळीच मावत नाहीत. त्या लोकांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. हे सांगितल्यावर मात्र खोलीत कुणी काही बोललं नाही.

सगळ्यात महत्त्वाचं बोलले ते तात्या, ज्यांचा सॉफ्टवेअरला सगळ्यात जास्त विरोध. तात्या म्हणजे आमचे जुने टेक्निशियन, ब्युरेट धरलेला हात अजून हलत नाही. ते म्हणाले, "मॅडम, रजिस्टरला पासवर्ड लागत न्हाई आणि लाईट गेली तरी वाचाय येतंय." मी म्हटलं तात्या पटलं, पण मला सांगा रजिस्टरमध्ये आकडा चुकला तर तुम्ही काय करता. तर म्हणाले, "आडवी एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही आन् तारीख. खालचा आकडा वाचाय आला पायजे. व्हाईटनर लावणाऱ्याला मी कवाच रजिस्टर हातात दिलं न्हाई." मी वहीत हे शब्द तिथल्या तिथं उतरून घेतले कारण मला सॉफ्टवेअरकडून नेमकं हेच पाहिजे आणि एवढं थोडक्यात मला सांगता आलं नसतं. आयएसओ/आयईसी १७०२५ या लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीतही हेच मागितलंय, जुनी नोंद आणि नवी नोंद दोन्ही राहिल्या पाहिजेत, काय बदललं, कधी आणि कुणी ते कळलं पाहिजे. लॅबला मान्यता देणाऱ्या एनएबीएलचे लोक ऑडिटला आले की हेच बघतात.

तेव्हा ठरलं की डिलीट हे बटण कुणालाच नाही. सरांनाही नाही, मलाही नाही. चुकीची एंट्री रद्द होईल, पण रद्द झालेली म्हणून दिसत राहील, आणि बदल करताना कारण लिहिल्याशिवाय सेव्ह होणार नाही. कारणाच्या जागी नुसता टिंब टाकून पुढे जाणारी मंडळी असतात, म्हणून कारणंही यादीतून, म्हणजे वाचायची चूक, पुन्हा टेस्ट केली, सॅम्पल अदलाबदल असं, आणि खाली दोन ओळी लिहायला जागा.

मला हे इतकं का लागतं ते एका आकड्यानं सांगते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याला सूटसुद्धा नाही. उसाला युरिया पडतो, पाणी भरपूर सोडतात, ते झिरपून विहिरीत येतं, त्यामुळे आमच्याकडे हा आकडा सीमेवर घुटमळतच असतो. आता समजा टेस्टला ५४ आलं आणि भरताना ४५ पडलं. दोन बोटांची अदलाबदल, आणि पाणी पास. त्या घरात वरच्या दुधावरचं बाळ असेल तर नायट्रेटनं त्याच्या रक्तातला ऑक्सिजन कमी पडतो, बाळ निळं पडायला लागतं. म्हणून भरणारा वेगळा, तपासणारा वेगळा आणि सही करणारा तिसरा, आणि ज्यानं भरलं त्याला स्वतःचंच अ‍ॅप्रूव्ह करताच येऊ नये. माणसं कमी आहेत, रजा असतात, एकालाच दोन्ही अधिकार देऊया असं सर म्हणत होते. मी नाही म्हटलं. रिपोर्ट एक दिवस उशिरा जाऊ दे. बीओडीला, म्हणजे पाण्यातले जंतू किती ऑक्सिजन खातात त्या टेस्टला, सॅम्पल तसंही २७ डिग्रीवर तीन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवायचं असतं, पहिल्या दिवशीचं रीडिंग एकाचं आणि शेवटचं दुसऱ्याचं, तिथं तर कोण कधी बघून गेला हे नावानिशी असल्याशिवाय काही अर्थच नाही.

म्हणून कॉमन लॉगिन आजपासून बंद. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचा पासवर्ड, आणि वर फोनवरच्या अ‍ॅपमधला कोड. मायक्रोबायोलॉजीच्या खोलीत फोन न्यायचा नाही हा नियम आहे, तर तिथल्या दोघींनी विचारलं मग आम्ही काय करायचं. खरी अडचण आहे. त्यांच्यासाठी कोड दाखवणारं छोटं यंत्र घ्यायचं, ते पुसता येतं आणि बाहेरच्या ड्रॉवरमध्ये राहील. खर्च आहे थोडा, पण अडचण आहे म्हणून नियमच सोडून द्यायचा हे मला पटत नाही.

बघायच्या परवानगीवर जास्त वाद झाला. आमच्यात सगळे एकमेकांचं बघतात, त्यात काय लपवायचं, असं बहुतेकांचं म्हणणं. आणि नेमका मीटिंग चालू असतानाच फोन आला. एक गृहस्थ, आवाज अगदी आर्जवी, "ताई, आमच्या भावकीतलीच विहीर हाय, तिच्या पाण्याचा रिपोर्ट काय आला तेवढं सांगा की, कागद नगं, तोंडी सांगा." कदाचित खरंच काळजी असेल. कदाचित वाटणीचा वाद असेल, जमीन विकायची असेल, आपल्याला काय माहीत. मी म्हटलं दादा, ज्यांनी सॅम्पल दिलंय त्यांनाच सांगता येतं, त्यांना घेऊन या नाहीतर त्यांचं पत्र आणा. ते रागावले. फोन ठेवल्यावर मी सगळ्यांकडे बघितलं आणि विचारलं, हा फोन तुमच्यापैकी ज्याचं गाव तेच आहे त्याला आला असता तर. कारण आम्ही सगळे इथलेच आहोत, कुणाचा मामा कुणाचा मेहुणा निघतो, तोंडावर नाही म्हणणं फार जड जातं. स्क्रीनवर दिसतच नसेल तर तो माणूस खरं बोलून सुटतो, मला दिसत नाही म्हणून. परवानगी काढून घेणं म्हणजे अविश्वास असं ज्यांना वाटत होतं त्यांना हे पटलं बहुतेक. मातीवाल्यांना मातीचं, पाण्यावाल्यांना पाण्याचं, आणि बेंचवर सॅम्पल नुसतं नंबरानं येणार, मालकाचं नाव आणि मोबाईल फक्त काउंटर आणि रिपोर्टवाल्यांना. कारखान्यांच्या सांडपाण्याचं काम तर प्रत्येकाचं वेगळ्या प्रोजेक्टमध्ये, एकाचा आकडा दुसऱ्याच्या माणसाला चुकूनही दिसायला नको. वैयक्तिक डेटाचा कायदा २०२३ मध्ये आलाच आहे, पण कायदा नसता तरी मी हेच केलं असतं.

कॉलेजची मुलं प्रोजेक्टला येतात त्यांना फक्त त्यांच्या प्रोजेक्टचं बघता येईल, आणि खातं उघडतानाच बंद व्हायची तारीख टाकायची. नोकरी सोडून पुण्याला जाणाऱ्याचं खातं ज्या दिवशी निरोपाचा नारळ त्याच दिवशी बंद, खोडायचं मात्र नाही, कारण त्यानं केलेल्या टेस्टवर त्याचं नाव कायम राहिलं पाहिजे.

बॅकअपचा विषय निघाला तेव्हा कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. कोल्हापुरात २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्यांनी बघितलाय त्यांना पाणी कुठवर येतं हे तोंडपाठ आहे. राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, आणि दोन्ही वेळा पंचगंगा ५५ फुटांच्या पुढे गेली, महामार्ग शिरोलीजवळ बंद, शाहूपुरीत आणि नागाळा पार्कात घरांत पाणी. तळमजल्यावरचा सर्व्हर आणि त्याच टेबलाच्या खणातली हार्डडिस्क हा बॅकअप नव्हेच. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, त्यातली एक गावाबाहेर, हा जगभरचा नियम आमच्यासाठी आणखी एक पायरी पुढे न्यायला लागतो, कारण गावाबाहेर म्हणजे सांगलीला ठेवून उपयोग नाही, तिकडं कृष्णा त्याच आठवड्यात चढलेली असते. तर एक प्रत सर्व्हरवर, सर्व्हर वरच्या मजल्यावर हलवायचा, दुसरी डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर मुंबईच्या डेटा सेंटरात. डिस्क सतत जोडून ठेवायची नाही हेही ठरलं, व्हायरसनं सर्व्हरच्या फायली कुलूपबंद केल्या तर जोडलेली डिस्कही त्यातच जाते. बॅकअप घेतला यावर मी समाधानी नाही, तो उघडून बघायचा, दर तिमाहीला एखादा जुना रिपोर्ट त्यातून काढून छापील कागदाशी ताडायचा. ताडायचं काम तात्यांनी मागून घेतलं. रिव्ह्यूअर म्हणजे तपासणारा म्हणूनही त्यांचंच नाव टाकलंय, टायपिंग करावं लागणार नाही, फक्त बघायचं आणि सही.

अ‍ॅडमिन दोघं, सर आणि मी. पण अ‍ॅडमिनच्या खात्यातून रिझल्ट भरता येणार नाही, रोजच्या कामाला आमची वेगळी साधी खाती. फोनवरचा कोड मिळाला नाही तर लॉगिन करायचे अडीअडचणीचे कोड पाकिटात, पाकिटावर दोघांच्या सह्या, पाकीट कपाटात.

एक गोष्ट राहिलीय आणि ती मला टोचतेय. उद्या हे सॉफ्टवेअर सोडायचं झालं तर आकडे बाहेर काढता येतात हे डेमोत दाखवलंय, पण कुणी कधी काय बदललं त्याची नोंद आकड्यांबरोबर साध्या फाईलमध्ये बाहेर येते का, याला कंपनीच्या माणसानं फोनवर नुसतं हो हो केलं. ती नोंद आत अडकली तर आम्ही पुढे नेणार काय, नुसता शेवटचा आकडा. सोमवारी सकाळी पहिली मेल तीच, आणि लेखी उत्तर आल्याशिवाय पुढच्या वर्षाचे पैसे भरायचे नाहीत, हे मी सरांना आजच सांगून ठेवलंय.