लिटल मोर्टन हॉल: वाकलेल्या लाकडाचं घर

मँचेस्टरहून गाडीने किड्सग्रोव्हला उतरले आणि तिथून टॅक्सी केली, तीनेक मैलांचा रस्ता. परतीची टॅक्सी मात्र आधीच ठरवून ठेवा. हॉलच्या आजूबाजूला शेतंच आहेत.

इंग्लंडच्या चेशायर परगण्यातलं हे घर मोर्टन घराण्याने 1504 च्या सुमारास बांधायला घेतलं आणि पुढची शंभरेक वर्षं वाढवत नेलं. चहूबाजूंनी पाण्याचा खंदक आणि पुलापलीकडे काळ्यापांढऱ्या नक्षीची वाकडीतिकडी इमारत. बहुतेक जण इथेच फोटो काढून थबकतात. तुम्ही पूल ओलांडून थेट आतल्या चौकात या.

पुण्याच्या वाड्यात लहानपण गेल्यामुळे मला ही बांधणी लगेच ओळखीची वाटली. सगळा भार ओकच्या खांब-तुळयांवर. मधली जागा कामट्या विणून, त्यावर माती लिंपून भरलेली, म्हणजे आपला कूडच. लाकडाचे सांधे कुसू आणि खाचेचे, म्हणजे एका लाकडाचं निमुळतं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवलेलं, त्यात लाकडाचीच खुंटी ठोकलेली. खांबाजवळ जाऊन बघा, या खुंट्यांची गोल टोकं हाताच्या अंतरावर दिसतात. काळापांढरा रंग मात्र मूळचा नाही, ती व्हिक्टोरियन काळातली आवड. पूर्वी ओक तसाच उघडा राहून रुपेरी करडा होत असे.

चौकातल्या दोन मोठ्या खिडक्यांशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले. त्यांच्या लाकडावर 1559 साल, मालक विल्यम मोर्टनचं नाव आणि शेजारी सुताराचंही नाव कोरलेलं आहे: देवाच्या कृपेने रिचर्ड डेल सुताराने या खिडक्या घडवल्या. हातावर पोट असलेल्या माणसाचं नाव धन्याच्या बरोबरीने कोरलेलं बघून मला फार बरं वाटलं. अक्षरं वर आहेत, दुर्बीण नेलीत तर सोपं जाईल.

मग अगदी वरच्या मजल्यावर, लांब गॅलरीत जा. 68 फूट लांब, दोन्ही बाजूंना खिडक्यांची रांग, आणि दोन टोकांना गिलाव्यात घडवलेली नशीब आणि नियती. पावसात घरातल्यांना फेऱ्या मारायला केलेली ही जागा. पण डोक्यावर दगडी फरश्यांचं छप्पर! त्या ओझ्याने खालचे मजले दबून वाकले. जमीन इतकी उतरती झालीय की चालताना पाय आपोआप एका बाजूला जातात. सपाट तळव्याचे बूट घाला. वर जायला जिनाच चढावा लागतो. गुडघे दुखत असतील तर तळमजला आणि चौक यांतही समाधान होईल.

तळमजल्याच्या बैठकीत भिंतीवरच्या लाकडी फळ्यांमागे 1976 साली सापडलेली भित्तिचित्रं आहेत, बायबलमधल्या सुझानाच्या कथेची. उजेड कमी असतो. दोन मिनिटं डोळे सरावू द्या.

हे सगळं टिकलं कसं? सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धात राजाची बाजू घेतल्याने मोर्टन खंक झाले, पुढे घर शेतकऱ्यांना भाड्याने गेलं, त्यामुळे नव्या फॅशनप्रमाणे पाडून बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता. 1938 पासून ते नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. ट्रस्टचं सभासदत्व असेल तर प्रवेश त्यातच होतो. हिवाळ्यात उघडण्याचे दिवस कमी असतात, निघण्याआधी वेबसाइट बघाच. आणि पोचल्यावर खोलीखोलीत बसलेल्या स्वयंसेवकांना बिनधास्त विचारा. मला खुंट्यांबद्दल विचारल्यावर एका आजोबांनी तुळईवर सुतारांनी जुळणीसाठी पाडलेल्या खुणा दाखवल्या. त्या माझ्या मी शोधल्या असत्या तर दिसल्याच नसत्या.