रत्नागिरी-कोल्हापूर फेरा, सोबत माईक आणि अर्धं झालेलं ऑडिओबुक

नोव्हेंबरात मुंबई-रत्नागिरी-कोल्हापूर असा फेरा झाला, आणि हातात एका लांबलचक ऑडिओबुकचं वाचन चालू होतं त्यामुळे माईक, इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडायची डबी), लॅपटॉप सगळं बरोबर घेतलं. व्हॉइसचं काम करणारे बरेच जण विचारतात की गावाला जाताना काम न्यावं का. माझं मत, खुशाल न्या, फक्त एक पक्कं लक्षात ठेवा की प्रवासात आवाज वाचून बसत नाही, बोलून बसतो.

जाताना मांडवी एक्सप्रेस. साध्या डब्यात खिडक्या उघड्या, त्यात बोगदे एकामागून एक, आणि अशा आवाजात आपण शेजारच्याशी बोलताना नकळत ओरडायलाच लागतो. याला लोम्बार्ड इफेक्ट म्हणतात, आपल्या हातात नसतं ते, कान गोंगाट ऐकतात आणि गळा आपोआप जोर लावतो. चार तास अशा गप्पा मारल्या की दुसऱ्या दिवशी माईकसमोर आवाज फाटलेला येणारच. म्हणून गाडीत मी कानाला इअरप्लग लावून स्क्रिप्ट वाचत बसते, मनातल्या मनात, अवघड नावांवर आणि श्वासाच्या जागांवर पेन्सिलने खुणा करत. आणि कुजबुजून बोललं की घशाला आराम मिळतो असं समजू नका, कित्येकांना त्याने उलट जास्त ताण येतो. एसी डब्यात गोंगाट कमी पण हवा कोरडी, तिथे नाकानेच श्वास घ्यायचा, तोंड उघडं टाकून झोपायचं नाही. पाण्याचंही सांगते, आपण पितो ते पाणी स्वरतंतूंना थेट लागत नाही, ते पोटात जातं आणि मग अंगात भिनून तिथवर पोचतं, त्यामुळे रेकॉर्डिंगच्या आधी बाटलीभर ढोसण्यात अर्थ नाही, आदल्या दिवसापासून घोट घोट चालू ठेवायचं.

प्रवासाच्या दिवशी रेकॉर्डिंग ठेवूच नका. क्लायंटला डेडलाइन देतानाच ते दिवस वगळून सांगायचे, कोणी नाराज होत नाही.

रत्नागिरीजवळ मामाचं जुनं कौलारू घर आहे. तिथे पुढच्या ओटीवर रेकॉर्डिंग अशक्य, तांबट पक्षी, कोंबड्या, रस्त्यावरून जाणारी रिक्षा, सगळं फाईलमध्ये. पण माजघराच्या मागे एक बिनखिडकीची अंधारी खोली असते ना, पूर्वी बाळंतिणीला देत ती, ती म्हणजे सोनं. मातीच्या जाड भिंती, सारवलेली जमीन, कोपऱ्यात भाताची कणगी, एका बाजूला गाद्यांची चळत. मामीने दोरी बांधून दिली, त्यावर दोन गोधड्या माझ्या पाठीमागे टाकल्या आणि खोली एकदम कोरडी झाली, टाळी वाजवली तर घुमत नव्हती. बाजारातल्या पातळ फोमपेक्षा जड गोधडी कधीही बरी. माईक म्हणाल तर प्रवासात मी डायनॅमिकच नेते, म्हणजे मुख्यतः जवळचा आवाज घेणारा, शुअरच्या एसएम ५८ सारखा, कारण कंडेन्सर हा जास्त संवेदनशील प्रकार लांबचा कुत्रासुद्धा पकडतो. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, चार्जर लावला की जुन्या वायरिंगमुळे ५० हर्ट्झची गुणगुण शिरू शकते. फ्रिज बंद, पंखा बंद, आणि सुरुवातीला अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवा, एडिटिंगला लागते.

वेळ मी सकाळी दहा ते बारा अशी ठरवली होती आणि घरात तसं सांगूनच टाकलं. उठल्या उठल्या आवाज खाली आणि जड असतो, रात्री दमलेला, मग एकाच पुस्तकातली प्रकरणं दोन वेगळ्या माणसांनी वाचल्यासारखी वाटतात. त्यामुळे घरी ज्या वेळेला वाचता तीच वेळ बाहेरही पाळा, आणि बसण्याआधी आधीच्या प्रकरणाची दोन मिनिटं हेडफोनवर ऐका. त्याआधी गळा मोकळा करायला ओठांची फुर्रर्र आणि स्ट्रॉमधून ऊं, पाच मिनिटं, कोणी हसलं तर हसू दे. पाऊण तास वाचलं की दहा मिनिटं पूर्ण गप्प. घसा खाकरायचा मोह झाला तर आवंढा गिळा, खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात. मेन्थॉलच्या गोळ्या चघळून घसा बधिर करून वाचणं तर नकोच, दुखतंय हे कळायलाच हवं.

संध्याकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर खुशाल फिरा, फक्त लाटांच्या आवाजावर चढून हाका मारू नका.

पुढे एसटीने आंबा घाट चढून कोल्हापूर. धूळ असते, नाकातोंडाला ओढणी घ्या. कोल्हापुरात खरी परीक्षा जेवणाची. तांबडा-पांढरा सोडा असं मी कधीच म्हणणार नाही, पण दुपारी खा. रात्री दहाला रस्सा ओरपून अकराला आडवं झालं की आम्ल वर घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज खरखरीत, छातीत जळजळ नसली तरी. जेवण आणि झोप यात तीन तास हवेत. त्यातूनही घोगरेपणा दोन-तीन आठवडे हटला नाही तर काढे बंद करून सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

हॉटेलात खोली मागच्या बाजूची, लिफ्टपासून लांब मागा. तिथे मी फक्त चुकलेल्या ओळी परत वाचल्या, नवीन प्रकरण नाही, कारण खोली बदलली की आवाजाचा पोत बदलतो आणि प्रकरणाच्या मध्येच ते कानाला खटकतं.

फाईल पाठवायचं गणित आधी करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनो वेव्ह फाईल म्हणजे रेकॉर्डिंगच्या तासाला साधारण ५२० एमबी, गावच्या नेटवर्कला ते रात्रभर चालतं. क्लायंट घेत असेल तर फ्लॅक या फॉरमॅटमध्ये करा, बरंच कमी होतं आणि क्वालिटी तीच. नाहीतर पेनड्राइव्हवर कॉपी ठेवून शहरात पोचल्यावर अपलोड.

आणि जून ते सप्टेंबर कोकणात जाणार असाल तर लांब काम नेऊच नका. कौलांवर पाऊस सुरू झाला की गोधड्या कितीही टांगा, तो ऐकू येतोच, आणि वीजही कधी जाईल सांगता येत नाही. तेव्हा स्क्रिप्टची तयारी, उच्चार तपासणं, एडिटिंग एवढंच न्या.